हिमवादळाचा आठवडा: घर आणि सायकलचा सराव दोन्ही कसे सांभाळावे

न्यू जर्सीच्या मध्य भागात, एडिसन, मेटाचेन, पिस्कॅटवे या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जानेवारी-फेब्रुवारीतील हिमवादळ नवे नाही. २२ ते २४ जानेवारी २०१६ या काळातील वादळात जवळच्या न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच, म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर, बर्फ पडला होता. एवढे मोठे वादळ क्वचितच येते. पण आठ-दहा इंच बर्फ पडून शाळा दोन-तीन दिवस बंद राहिल्या, कार्यालयाचे काम स्वयंपाकघरातील टेबलावर आले आणि घराचे सारे वेळापत्रक विस्कटले, असे आठवडे अनेक हिवाळ्यांत येतात. संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू रथसप्तमीच्या आत उरकायचे असते, तेही नेमके याच दिवसांत पुढे ढकलावे लागते.

ज्यांना सायकलचा नाद आहे त्यांच्यासाठी हाच काळ महत्त्वाचा असतो. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होणारी न्यूयॉर्कची ४० मैलांची फाइव्ह बरो बाइक टूर असो किंवा त्याच महिन्यातली जॉर्ज वॉशिंग्टन पुलापासून सुरू होणारी १०० मैलांची ग्रॅन फोंडो, म्हणजे लांब पल्ल्याची सामूहिक सायकल स्वारी, असो, तिची पायाभरणी जानेवारीपासूनच करावी लागते. नोकरी आणि मुले सांभाळून आठवड्याला सहा ते आठ तास सायकल चालवणाऱ्या हौशी स्वाराला डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. माझे मत आरंभीच स्पष्ट सांगतो. हिमवादळाच्या आठवड्यात सरावाचे तास बुडणारच आणि ते बुडू द्यावेत; वाचवायची असतात ती फक्त दोन लहान, पण जोमदार सत्रे. ती घराच्या घड्याळात बसवायची असतात, घराचे घड्याळ त्यांच्यासाठी फिरवायचे नसते.

या मतामागे आधार आहे. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, आठवड्यातून सहा दिवस ४० मिनिटे कसून व्यायाम करणाऱ्यांचे दिवस दोनवर आणले, तरी त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पुढील १५ आठवडे टिकून राहिली. मिनिटे कमी केली तरीही ती टिकली; फक्त दीर्घकाळ तग धरण्याची ताकद काहीशी घटली. मात्र व्यायामाची तीव्रता कमी केली, तेव्हा क्षमताच घसरली. व्यायाम पूर्ण थांबवला तरी पहिल्या तीन आठवड्यांत होणारी घट साधारण सात टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा चार-पाच दिवस रस्ता बंद राहिला म्हणून मे महिन्यातील स्वारी हातची जाते, ही भीती आधी मनातून काढून टाकावी. त्या भीतीपोटीच माणूस मुलांवर चिडतो आणि निसरड्या रस्त्यावर सायकल काढतो.

वादळ येण्याआधीचे दोन दिवस

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा आधी ‘विंटर स्टॉर्म वॉच’ आणि नंतर ‘वॉर्निंग’ जाहीर करते. वॉच म्हणजे शक्यता, वॉर्निंग म्हणजे वादळ जवळजवळ निश्चित. वॉच जाहीर होताच कामाला लागावे, कारण वॉर्निंग आल्यावर दुकानात मीठही उरत नाही आणि फावडेही.

सायकलस्वाराने सर्वप्रथम एक गोष्ट करावी. रस्ता कोरडा असेल आणि घरच्यांची सोय होत असेल, तर त्या आठवड्याची लांब स्वारी वादळाच्या दोन दिवस आधी उरकून घ्यावी. आदल्या दिवशी ती करू नये, कारण दुसऱ्या दिवशी बर्फ उपसायचा असतो आणि थकलेली कंबर घेऊन ते काम करणे धोक्याचे आहे. त्यानंतर सायकल ट्रेनरवर, म्हणजे ती घरात जागच्या जागी चालवता येईल अशा यंत्रावर, चढवून, फोन किंवा संगणकाशी त्याची जोडणी तपासून, पाच मिनिटे चालवून पाहावी. ट्रेनरचे सॉफ्टवेअर नेमके वादळाच्या दिवशी अपडेट मागते, हा अनुभव पुष्कळांना असेल.

घराच्या बाजूने पाहायच्या गोष्टी अशा: वीज जाण्याची शक्यता धरून टॉर्च, पॉवर बँक आणि पिण्याचे पाणी तयार असावे, नियमित औषधे किमान आठवडाभर पुरतील एवढी घरात असावीत, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासावा, आणि फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) व वॉटर हीटरचा धूर बाहेर टाकणारे पाइप भिंतीत नेमके कुठे आहेत ते घरातील दोघांनीही प्रत्यक्ष जाऊन पाहून ठेवावे. नव्या घरांत हे पांढरे प्लॅस्टिकचे पाइप जमिनीपासून फार उंच नसतात. वाऱ्याने साचलेल्या बर्फाखाली ते बुजले, तर फर्नेस बंद पडते किंवा विषारी वायू घरात शिरतो. या वायूला वास नसतो, रंग नसतो. म्हणून बर्फ काढण्याची सुरुवात ड्राइव्हवेपासून न करता या पाइपांपासून करावी. जनरेटर असल्यास तो गॅरेजमध्ये मुळीच लावू नये; घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर ठेवावा. गाडी सुरू करण्याआधी तिचा सायलेन्सर बर्फाने बंद झालेला नाही याची खात्री करावी, आणि बर्फ साफ होईपर्यंत मुलांना उबेसाठी गाडीत बसवून ठेवू नये.

बर्फ काढणे हाच त्या दिवसाचा व्यायाम

ज्यांनी स्वतः ड्राइव्हवे मोकळा केलेला नाही त्यांना या कामाचा अंदाज येत नाही, म्हणून थोडे गणित मांडतो. सर्वसाधारण कोरड्या बर्फाचे दहा सेंटिमीटर वितळले, तर एक सेंटिमीटर पाणी होते. म्हणजे ३० सेंटिमीटर, अर्थात एक फूट, बर्फ पडला की प्रत्येक चौरस मीटरवर ३० किलो वजन साचते. सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब ड्राइव्हवे धरला, तर ते वजन १,८०० किलो होते. एका वेळी सहा किलो उचलले तरी तीनशे वेळा फावडे भरून फेकावे लागते. बर्फ ओला असेल तर हेच वजन दुपटीलाही जाऊ शकते.

याचा हृदयावर किती ताण येतो, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात दिसून आले. सराव नसलेल्या निरोगी पुरुषांच्या हृदयाची गती जड ओला बर्फ उपसताना दोनच मिनिटांत कमाल गतीच्या ८५ टक्क्यांच्या वर गेली. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हातांनी वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो आणि रक्तदाब एकदम वाढतो. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेने लहान वयात उद्भवतो, हे लक्षात घेता आपल्या लोकांनी इथे विशेष जपायला हवे. नियमित सायकल चालवणाऱ्यानेही आपण तंदुरुस्त आहोत एवढ्यावर विसंबू नये. पायांना सवय असली तरी खांदे आणि कंबर यांना नसते. आई-बाबा भारतातून आलेले असतील, तर ‘मी आहे ना, मी करतो’ असे बाबा म्हणतील. त्यांना प्रेमाने पण ठामपणे घरात बसवावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंडीतही सुटलेला घाम, यांपैकी काहीही जाणवले तर फावडे टाकून तत्काळ ९११ ला फोन करावा.

कामाची रीत अशी ठेवावी. वादळ संपण्याची वाट न पाहता दर चार-पाच इंचांनंतर एकदा बाहेर पडावे. फूटभर बर्फ एकदम काढण्यापेक्षा तोच बर्फ तीन वेळा काढणे शरीराला कितीतरी सोपे जाते. जिथे ढकलता येईल तिथे उचलू नये. उचलावे लागलेच, तर गुडघे वाकवून, फावडे अंगाजवळ धरून, पाठ न वळवता पाय वळवून फेकावे. पंधरा मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती हे प्रमाण बहुतेकांना झेपते.

टाउनशिपचा नांगर रस्ता साफ करत जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध टाकून जातो, तो सगळ्यांत जड असतो. तो अडवण्याची एक युक्ती आहे. ड्राइव्हवेच्या टोकाशी रस्त्याकडे तोंड करून उभे राहावे आणि डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेला, काही फूट जागा आधीच मोकळी करून ठेवावी. अमेरिकेत वाहतूक उजव्या बाजूने चालत असल्याने नांगर डावीकडून येतो. त्याच्या पात्यावरचा बराचसा बर्फ त्या मोकळ्या जागेत पडतो आणि आपल्या तोंडाशी थोडाच उरतो. काढलेला बर्फ मात्र उजवीकडे टाकावा, नाहीतर पुढच्या फेरीत तोच परत येईल.

मीठ टाकताना तापमान पाहावे. साधे मीठ उणे नऊ अंश सेल्सिअसच्या खाली फारसे काम करत नाही. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरावे लागते. घरापुढचा फुटपाथ किती तासांत मोकळा करायचा याचा नियम प्रत्येक टाउनशिपचा वेगळा असतो, तो आधीच पाहून ठेवावा. गाडीच्या टपावरचा बर्फ काढल्याशिवाय रस्त्यावर जाणे हा न्यू जर्सीत दंडनीय गुन्हा आहे, हेही विसरू नये.

हे सगळे झाल्यावर त्या दिवशी ट्रेनरवर कठीण सत्र करू नये. तासभर बर्फ उपसणे हेच कठीण सत्र समजून सरावाच्या वहीत तशी नोंद करावी. संध्याकाळी वीस मिनिटे अगदी हलके पॅडल मारले, तर आखडलेली कंबर मोकळी होते. त्याहून अधिक काही नको.

शाळा बंद असताना दिवसाची वाटणी

शाळा बंद असल्याचा निरोप पहाटे पाच-साडेपाचला येतो. कधी पूर्ण सुट्टी असते, तर कधी फक्त उशिरा सुरुवात, आणि पालकांची जास्त तारांबळ उशिरा सुरुवात असताना होते, कारण कामाच्या बैठका ठरलेल्या वेळीच असतात. राज्याच्या नियमानुसार शाळांना वर्षात १८० दिवस भरवावे लागतात. राखीव सुट्ट्या संपल्या की पुढचे दिवस वसंतातील सुट्टीतून किंवा जूनमधून कापले जातात. भारताची तिकिटे काढताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

वादळाच्या आदल्या रात्री, मुले झोपल्यावर, नवरा-बायकोने दहा मिनिटे समोरासमोर बसून दुसऱ्या दिवसाची वाटणी कागदावर लिहावी आणि फ्रिजवर लावावी. आधी दोघांच्या न टाळता येणाऱ्या बैठका लिहाव्यात, मग मुलांकडे कोण कधी पाहणार ते, मग बर्फ काढण्याच्या वेळा, आणि शेवटी सायकल. हा क्रम महत्त्वाचा आहे. सायकल आधी लिहिली की उरलेले सगळे जोडीदाराच्या गळ्यात पडते, आणि त्यातून उद्भवणारी कटुता बर्फ वितळल्यावरही वितळत नाही. जोडीदारालाही तेवढाच स्वतःचा वेळ त्याच कागदावर लिहून द्यावा, मग तो व्यायामासाठी असो की नुसते पडून राहण्यासाठी.

सरावासाठी वेळा तीनच उरतात. पहाटेची वेळ उत्तम, पण हिवाळ्यात भारताची वेळ इथल्यापेक्षा साडेदहा तास पुढे असते, त्यामुळे आठच्या सुमारास पुण्या-नाशिकला संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि वादळाची बातमी ऐकून आईचा फोन येतोच. त्याआधी आटोपलेले असावे. दुपारी मुले सिनेमा पाहत असताना तीस-चाळीस मिनिटे मिळतात. रात्री साडेआठनंतरची वेळ फक्त हलक्या पॅडलिंगसाठी ठेवावी, कारण झोपण्याआधीच्या कठीण सत्राने झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फावडे हातात घ्यायचे असते.

मुलांना तासन्‌तास घरात कोंडून ठेवू नये. रोज एकदा त्यांना बर्फात न्यावे. घसरगाडीवर बसलेल्या दोन मुलांना टेकडीवर ओढत नेणे हा मांड्यांचा अव्वल व्यायाम आहे, आणि त्यात मुलेही खूश होतात. परतल्यावर ओले हातमोजे हीटरच्या झरोक्याजवळ वाळत घालण्याची जबाबदारी त्यांनाच द्यावी.

घरातल्या घरात सायकल

मागचे चाक काढून बसवायचा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर शांत आणि अचूक असतो, पण त्यातील बऱ्याच यंत्रांना विजेविना पुरेसा अवरोध देता येत नाही. मागचे चाक रोलरवर टेकवायचा साधा फ्लुइड ट्रेनर आवाज करतो, टायर झिजवतो, पण वीज गेली तरी चालतो. ज्यांच्या भागात तारा तुटून वीज वारंवार जाते, त्यांनी जुना फ्लुइड ट्रेनर विकू नये असे मी आवर्जून सांगेन. टाउनहाऊस किंवा अपार्टमेंटमध्ये खाली जाड रबरी मॅट अंथरावी. शेजाऱ्यांना त्रास होतो तो मोटरच्या आवाजाचा नव्हे, तर जमिनीतून जाणाऱ्या कंपनांचा.

घरातील सरावात स्वार दमतो तो मुख्यतः उष्णतेने. पॅडलवर २०० वॉट पोहोचवताना शरीर त्याखेरीज सुमारे ७०० वॉट उष्णता निर्माण करते, म्हणजे आपण खोलीत मध्यम आचेवरच्या हीटरलाच मिठी मारून बसलेले असतो. रस्त्यावर वारा ती उष्णता नेतो, घरात ते काम पंख्याला करावे लागते. छोटा टेबलफॅन पुरत नाही. मोठा फ्लोअर फॅन छातीच्या रोखाने लावावा, खोलीचा हीटर बंद करावा आणि तासाला किमान अर्धा ते पाऊण लिटर पाणी, चिमूटभर मीठ घालून, प्यावे. इतके करूनही घरातील आकडे रस्त्यावरच्यापेक्षा थोडे कमी येतात. त्यामुळे घरातले लक्ष्य पाच टक्क्यांनी खाली आणण्यात कमीपणा मानू नये.

लहान मुले असलेल्या घरात एक दक्षता कधीही सोडू नये. फिरती साखळी, दातेरी चक्र आणि ट्रेनरचे फ्लायव्हील (आतले जड फिरते चाक) यांत इवलेसे बोट गेले, तर ते क्षणात चिरडते. मूल मागून, आवाज न करता, कुतूहलाने येते आणि कानात हेडफोन असलेल्या स्वाराला ते कळत नाही. म्हणून एक कान मोकळा ठेवावा, दार आतून लावावे किंवा दाराशी आडवे फाटक बसवावे, आणि सायकल दाराकडे तोंड करून ठेवावी. पॅडल थांबवल्यावरही फ्लायव्हील काही वेळ फिरत राहते, तोपर्यंत खाली उतरू नये.

दोन सत्रे आणि उरलेला आठवडा

पुढील आकडे एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल इतक्या शक्तीच्या, टक्केवारीत आहेत. एफटीपी माहीत नसेल तर वीस मिनिटे जास्तीत जास्त सातत्याने चालवून येणाऱ्या सरासरीचे ९५ टक्के धरावेत.

पहिले सत्र पस्तीस मिनिटांचे. दहा मिनिटे हळूहळू वेग वाढवत अंग गरम करावे. मग तीस सेकंद १२० टक्के आणि तीस सेकंद अगदी हलके, असे आठ वेळा; चार मिनिटे विश्रांती; पुन्हा तसेच आठ. शेवटी पाच मिनिटे सावकाश. दुसऱ्या फेरीतील सहाव्या-सातव्या वेळी आकडा टिकेनासा झाला, तर तिथेच थांबावे.

दुसरे सत्र पन्नास मिनिटांचे. दहा मिनिटांच्या तयारीनंतर ८८ ते ९२ टक्क्यांवर दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये तीन मिनिटांची विश्रांती, आणि उरलेला वेळ हलका. याने लांब चढावर लागणारी चिकाटी टिकते.

या दोन सत्रांत किमान एक दिवसाचे अंतर असावे आणि जड बर्फ काढलेल्या दिवशी यांतले कोणतेही करू नये. समजा वादळ सोमवारी रात्री आले, तर मंगळवार फावड्याचा, बुधवार हलका, गुरुवारी पहिले सत्र, शनिवारी दुसरे, असे साधते. रविवारी मराठी शाळा रद्द झाली, म्हणून तो वेळ लगेच ट्रेनरसाठी बळकावू नये. बुडालेले तास पुढच्या आठवड्यात भरून काढण्याचा मोह तर मुळीच धरू नये. आठ तासांचा आठवडा चार तासांवर आला, तर पुढचा आठवडा पुन्हा आठाचाच असावा, बाराचा नव्हे. गुडघेदुखी बहुधा या भरपाईतूनच सुरू होते.

खाण्याचे वेगळे सोपस्कार नकोत. मुगाची खिचडी, तूप, दही, आणि सत्राआधी तिळाचा लाडू किंवा चिक्कीचा तुकडा पुरेसा आहे.

पुन्हा रस्त्यावर

नांगर फिरला म्हणजे रस्ता सायकलयोग्य झाला असे नाही. कडेला साचलेल्या ढिगांमुळे लेन अरुंद होते, सायकलस्वाराची नेहमीची जागाच नाहीशी होते आणि चौकात ढिगांआडून निघणाऱ्या गाड्या दिसत नाहीत. दुपारी वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते. सकाळी ते ओल्या डांबरासारखे दिसते, पण असतो तो काचेसारखा बर्फ. तेव्हा तापमान दिवसा शून्याच्या वर गेल्यानंतर, सकाळी दहानंतरच, आणि आधी गाडीने तो मार्ग पाहून निघावे. डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठची वाट सुंदर असली, तरी झाडांच्या सावलीतला तिथला बर्फ लवकर हटत नाही, म्हणून तिचा विचार सर्वांत शेवटी करावा. हिवाळाभर बाहेर चालवायचेच असेल, तर टंगस्टन कार्बाइडचे खिळे असलेले टायर घ्यावेत. एकच परवडत असेल तर तो पुढच्या चाकाला लावावा, कारण पुढचे चाक घसरले की सावरता येत नाही.

वाऱ्याचाही हिशेब करावा. शून्य अंशात ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना उघड्या त्वचेला उणे सहाची थंडी जाणवते. उणे दहात ३० किलोमीटर वेग असेल तर ती उणे वीसची होते. बोटे आणि कान यांची काळजी आधी घ्यावी, आणि बोटे पांढरी पडून बधिर झाली तर ती चोळू नयेत. घरात येऊन कोमट पाण्यात धरावीत.

रस्त्यावरचे मीठ सायकलला आठवडाभरात खाऊन टाकते. परतल्याबरोबर, बूट काढण्याआधीच, बादलीभर कोमट पाण्याने साखळी, ब्रेक आणि चाकांच्या कडा धुवाव्यात. बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नये. जुन्या फडक्याने साखळी पूर्ण कोरडी करून तिच्या प्रत्येक कडीवर ओल्या हवामानासाठीच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा, पॅडल उलटे फिरवून ते मुरू द्यावे, आणि पाच मिनिटांनी वरचे तेल पुसून टाकावे. ब्रेकचे पॅड बोटाने चाचपून त्यांत अडकलेले खडे टोकदार काडीने काढावेत, म्हणजे पुढच्या स्वारीत ते रिम किंवा डिस्क ओरबाडणार नाहीत.